आश्रुबाचा अंगठा आणि मोटरसायकलचे टायर

टायरातलं आश्रुबाला कळतं, ही गोष्ट टोळीत कुणी वादाला घेत नसे. दर साली ऊसतोडीला गेल्यावर कारखान्याच्या आवारात टायरगाड्या वाटायची वेळ आली, की मुकादम सुग्रीव आधी त्यालाच हाक मारायचा. टायरगाडी म्हणजे ऊस वाहायची बैलगाडी. तिला लाकडी चाकं नसतात, जुने टायर असतात. आश्रुबा रांगेतून फिरायचा, एकेका चाकाला लाथ घालायचा, मग वाकून अंगठा दाबायचा. दाबताना डोळे मिटायचा, जसं काही टायर त्याच्या कानात सांगतोय. मग म्हणायचा, "मी काय म्हनतो, ही घ्या. हंगाम काढती." हे "मी काय म्हनतो" त्याच्या प्रत्येक वाक्याच्या दाराशी उभं असायचं, पाणी मागायचं असलं तरी आधी तेच.

बावीस हंगाम झाले, त्याने निवडलेली गाडी एकदाही फडाच्या वाटेवर बसली नव्हती. आतला धागा दिसेपर्यंत टायर जिवंत, हा त्याचा कायदा.

यंदा हा कायदा त्याच्या स्वतःच्या अंगणात अडकला.

धाकट्या लेकीला, दिपालीला, बीडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम लागलं होतं. सकाळी सातला हजर. गावातून पहिली एसटी हलते तोवर तिकडे अर्ध्या बीडचं रक्त काढून झालेलं असतं. म्हणून ठरलं असं, की आश्रुबा आणि विमलबाई सहा महिने ऊस तोडायला गेले, की दिपालीने जेवायला चुलतीकडे जायचं आणि बापाची मोटरसायकल घेऊन रोज बीड गाठायचं. वाटेत मांजरसुंब्याचा घाट. सकाळी उतरायचा, संध्याकाळी चढायचा.

टोळीचा ट्रक निघायला चार दिवस उरले होते. दिपाली गाडीपुढे उकिडवी बसली होती.

"नाना, तुमी जायच्या आत दोन्ही टायर बदलू."

"कावून?"

"म्हातारे झालेत."

आश्रुबा हसला. "मी काय म्हनतो, नक्षी बग की ही. मुंगळा आत शिरला तर वाट चुकंल. म्हातारे म्हनती."

ते खोटं नव्हतं. नक्षी खोल होती, कारण गाडी चालायचीच अर्धं वर्ष. उरलेलं अर्धं वर्ष घरची माणसं उसात आणि गाडी पत्र्याखाली, दुपारनंतरचं ऊन खात उभी. दिपालीने ओल्या फडक्याने टायरची कड पुसली. चार आकडे वर आले.

"बत्तीस सतरा. म्हंजी सतरा सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलाय हा."

"कंपनीचा फोन लंबर असंल त्यो."

"चारच आकडे?"

"जुनी कंपनी हाय." आश्रुबा मागे हटणारा नव्हता. "आन् धर सतरा सालचा. पर निम्मं साल तर गाडी उबीच असती. म्हंजी वय बी निम्मंच की. लेकरू हाय त्ये अजून."

विमलबाई ओट्यावर बसून प्रवासाची बोचकी बांधत होती. तिने गाठ दातात धरली, आवळली, आणि मग तोंड मोकळं झाल्यावर म्हणाली, "असं हाय व्हय? उबं ऱ्हायलं की वय धरायचं न्हाई. मग मी बारा महिने पळती, माजं दुप्पट धरा. आन् तुमी पारावर बसता त्येवढं वजा केलं, तर तुमचं लगीन अजून व्हायचं हाय."

दिपाली हसली. आश्रुबाला हसू आलं नाही. तो वाकला, अंगठा दाबला, डोळे मिटले, उघडले आणि "नवा हाय" असं म्हणून पाराकडे निघून गेला.

पारावर बसूनही त्याचं मन अंगणातच होतं. आपण इथून दूर, उसाच्या फडात, फोनला रेंज नाही. आणि पोर एकटी घाट उतरतीय. टायर जुना आहे असं मानलं, तर तिला सोडून ट्रकात चढायचं कसं? टायर चांगला आहे म्हटलं की जाता येत होतं. म्हणून टायर चांगलाच होता.

पण मनात कुसळ राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच विषय काढला. "मी काय म्हनतो, मांजरसुंब्याला राधाकिशनला दाखवू. त्यो सांगंल नवा हाय म्हनून, म्हंजी तुजं बी समाधान."

"चालवते मी," दिपाली म्हणाली. "तुमी मागं बसा."

स्वतःच्या गाडीवर मागे बसायची आश्रुबाची ही पहिलीच खेप. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. शेवटी त्याने ते मांड्यांवर ठेवले आणि दिपालीच्या ब्रेकवरच्या पायावर नजर रोखली. पहाटे परतीचा पाऊस येऊन गेला होता, रस्ता ओला होता. उताराला एक शेळी अशी आडवी आली, जशी सडक तिच्याच नावावर आहे. दिपालीने ब्रेक दाबला. मागचं चाक थांबलं, पण गाडी थांबली नाही. आश्रुबाच्या बुडाखालून ती एका अंगाला सरकत गेली, ताटलीवरून लोणी सरकावं तशी. दिपालीने दोन्ही पाय टेकून तिला कशीबशी सावरलं. शेळी जागची हलली नाही.

दिपालीने तिला वळसा घालून गाडी काढली. मग आश्रुबा म्हणाला, "ब्रेक जोरात दाबलास."

"हळूच दाबला, नाना."

हळूच दाबला होता. त्याने पाहिलं होतं.

मांजरसुंब्याला चौकाच्या अलीकडे राधाकिशनचं पंक्चरचं दुकान. हा माणूस पंक्चर काढायचा, पण बोलायचा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरासारखा. "कवापासून तरास हाय? ओल्यात घसरती का कोरड्यात बी?" असं विचारत विचारत त्याने मागचं चाक काढलं, टायर सोडवला, आणि दोन्ही हातांनी उलटा वाकवला. नक्षीच्या खाचांमधून बारीक चिरा उघडल्या. एका चिरेत धागा दिसत होता.

"मामा, लावा अंगठा."

आश्रुबाने लावला. ट्रकचा जुना टायरसुद्धा अंगठ्याला जरा दाद देतो. हा देईना. पाट्यावर अंगठा दाबल्यासारखं झालं. त्याने डोळे मिटले नव्हते.

"म्या लई टायर बगितलेत," तो म्हणाला.

"मोटरसायकलचे का बैलगाडीचे?"

"बैलगाडीचे."

"बैलगाडीला ब्रेक असतो का, मामा?"

आश्रुबा टायरकडे पाहत राहिला. बैल थांबले की गाडी थांबते. टायरने फक्त ओझं सोसायचं. बावीस हंगाम त्याने अंगठ्याला एकच गोष्ट विचारली होती, सोसंल का? धरंल का, हे विचारायची पाळीच कधी आली नव्हती.

"मागचा बदल," तो म्हणाला. "पुढचा ऱ्हाऊ दे. पुढचा बरा हाय."

दिपाली घाटाकडे जाणाऱ्या गाड्या बघत होती. राधाकिशन हातात पाना घेऊन थांबला. आश्रुबा पुढच्या चाकापाशी बसला, खांद्यावरच्या टॉवेलने त्याची कड पुसली आणि बोट फिरवत आकडे वाचले.

"बत्तीस सतरा," तो म्हणाला. "जुळा भाऊ हाय त्येचा. काढ ह्यो बी."

नवे टायर बसले तेव्हा राधाकिशनने पथ्य सांगितलं. "नवा टायर वरून गुळगुळीत असतो, मामा. पयले शंभर किलोमीटर सबुरीनं. जोरात ब्रेक न्हाई, वाकवून वळवायचं न्हाई. एकदा घासला, की मंग धरतो."

घरी येईपर्यंत आश्रुबा मागे बसून हिशेब करत होता. दोन दिवस. शंभर किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने विमलबाईला मागे बसवलं आणि गाडी पाटोद्याच्या रस्त्याला लावली. गेला, आला, चहा पिऊन परत गेला. तिसऱ्या खेपेला सुग्रीवने वाटेत अडवलं.

"कुठं चाललाय बे सकाळधरनं?"

"टायर घासायला."

"लोकं टायर वाचवायला बगतेत."

"लोकांची पोर घाटानं जात न्हाई," आश्रुबा म्हणाला आणि निघाला.

विमलबाई मागून सुग्रीवला ओरडून सांगत होती, "बांगड्याचं दुकान उगडं दिसतंय, थांबा म्हनलं तर थांबत न्हाईत. म्हने ब्रेक मारायचा न्हाई."

ट्रक निघाला त्या सकाळी बैल चढवून झाले, बोचकी चढली, विमलबाई बोचक्यांवर जाऊन बसली. आश्रुबाने दिपालीला गाडीपाशी नेलं आणि मीटरवर बोट ठेवलं.

"एकशे बारा झाले. काल घाट बी उतरून आलो. पानी पडत हुतं, मुद्दाम मारून बगितला ब्रेक. धरतंय." मग जरा थांबून म्हणाला, "तुजी आई मागं देवाचं नाव घेत हुती."

"देवाचं कशाचं," वरून विमलबाई म्हणाली. "ह्येंचंच घेतलं. लगीन झाल्यापासून पयल्यांदा. सगळ्या घाटानं ऐकलं."

आश्रुबाने मान खाली घातली, किल्ली दिपालीच्या हातात दिली आणि ट्रकात चढला.