पुसलेली पाठवणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर चहा पितो त्या मित्रालाही नाही. सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण दर वेळी गाडी त्या सॉफ्टवेअरवर घसरते, मी त्याला चार शिव्या घालतो, समोरचा पोट धरून हसतो, आणि विषय तिथेच संपतो. आजही सुरुवात तिथूनच करणार आहे — दुसरीकडून येताच येत नाही — पण आज तिथे थांबायचं नाही.

महाडात माझा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं, आणि मग व्हिडिओ शूटिंग. दोन हजार सालानंतर कॉम्प्युटरवर एडिटिंग करायची लाट आली, तेव्हा मीही मुंबईहून कॉम्प्युटर आणला. कॅसेट उतरवण्यासाठी त्यात बसवायच्या कार्डासोबत एक सीडी फुकट आली होती. त्या सीडीत ते सॉफ्टवेअर होतं. खोक्यावर एक हसरं कुटुंब छापलेलं — आईबाप, दोन मुलं, एक कुत्रा — आणि खाली लिहिलेलं, की हे कुणालाही जमेल. त्या कुटुंबाला एकदा माझ्या खुर्चीत बसवायला हवं होतं. कुत्राही पळून गेला असता.

काय काय सांगू? अर्धा तास जीव लावून काम करावं, की माऊसचा बाण जाऊन वाळूचं घड्याळ यायचं, मग पडदा पांढरा, मग सगळं ठप्प. आवाज आणि चित्र यांचं तर सवतीचं नातं. नवरी उखाणा घ्यायला तोंड उघडायची तेव्हा शांतता, आणि ती तोंड मिटून लाजली की मग नवऱ्याचं नाव ऐकू यायचं. लग्नासाठी म्हणून जी तयार डिझाइनं दिली होती त्यात गोरी नवरी, पांढरा झगा, चर्चची घंटा. माणगावच्या नवरदेवाच्या डोक्यावर मी घंटा वाजवू? त्यातल्या त्यात उडणारे बदाम तेवढे चालायचे. लोकांना ते इतके आवडले, की एकाने घरभरणीच्या कॅसेटलाही बदाम पाहिजेत म्हणून हट्ट धरला.

आणि शेवटी सगळं जोडून एक फिल्म करायची वेळ आली की ती निळी पट्टी! आंबेनळी घाट चढणाऱ्या एसटीसारखी रखडत रखडत वर जायची, आता पोचणार असं वाटायचं, आणि वीज जायची. भारनियमनाची वेळ ठरलेली असे, पण त्या वेळेला न जाता ती माझ्या पट्टीची वाट बघत असावी असं मला खरंच वाटायचं. यूपीएस दोन मिनिटं केकाटायचा आणि तोही मान टाकायचा. पुन्हा पहिल्यापासून.

पण सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा माहीत आहे? त्याच्या विचारण्याचा. सतत विचारायचं — खात्री आहे का? बंद करू का, खात्री आहे? बदलू का, खात्री आहे? अरे बाबा, तुला स्वतःची खात्री नाही, मला काय विचारतोस? पुढे पुढे मी वाचणंच सोडलं. चौकट आली की ‘हो’ दाबायचं. समोर काय लिहिलंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

नाचता येईना अंगण वाकडं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मी स्वतः ते म्हणायला फार उशीर केला.

तर — दासगावचं लग्न. मे महिना होता, सीझन अंगावर आलेला. मुलीचे वडील अब्दुल्लाभाई कुवेतला होते. लेकीच्या लग्नाला यायला कंपनीने सुट्टी दिली नाही. तारीख पुढे ढकलता येत नव्हती, कारण नवरा मुलगाही आखातातलाच, त्याची सुट्टी संपत आलेली. म्हणून बापाच्या जागी अब्दुल्लाभाईंचे मोठे भाऊ उभे राहिले, हुसेनचाचा. पांढरी दाढी, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं मोजकं. कॅमेऱ्यापासून ते चार हात लांबच राहायचे. निकाहाच्या वेळी मी जरा पुढे घुसलो तर त्यांनी हातानेच मला मागे सरकवलं. गावात सगळ्यांना माहीत होतं, चाचांना फोटो काढून घेणं आवडत नाही.

मात्र पाठवणीच्या वेळी त्यांनीच मला हाक मारली. मुलगी जीपजवळ उभी होती, बायका रडत होत्या. चाचांनी तिचा हात धरला आणि मला म्हणाले, “संजय, इकडं ये. नीट घे हे. माझा भाव बघल तिकडं.” आणि मग सरळ कॅमेऱ्यात बघून, जणू तो माणूस माझ्या खांद्यामागेच उभा आहे असं, ते बोलले. “अब्दुल्ला, पोर चांगल्या घरात दिली रे. तू काय काळजी करू नको. मी हाय.” चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुन्हा काढला. माझे स्वतःचे डोळे भरले होते. मी इतकी लग्नं शूट केली, पण कॅमेऱ्यामागे रडलो ते तेव्हाच.

दोन दिवसांनी चाचा स्टुडिओत आले. दासगावहून रिक्षाने, उन्हातान्हात. “नीट आलंय ना?” एवढंच विचारायला. वीज नव्हती, मी वैतागून बसलो होतो, दाखवता काही आलं नाही. आलंय म्हणून सांगितलं. जाता जाता ते दारात थांबले. “माझं थोबाड लय नको दाखवू. पोरीचं दाखव. म्हातारा रडताना बघितला तर त्याला तिकडं अन्न गोड नाय लागायचं.” मी हसलो. ते गेले.

हे वाक्य त्यांनी म्हटलं होतं. एवढं खरं आहे. म्हणूनच तर —

थांबा. आधी ते कसं गेलं ते सांगतो.

आमच्या धंद्यात तेव्हा एक रीत होती. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवली, की तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची. सगळेच वापरायचे. मीही दासगावची कॅसेट उतरवून घेतली आणि पोलादपूरला एका हळदीला घेऊन गेलो. परत येऊन ती हळद उतरवायला घेतली तर चौकट आली, जागा संपली. हे नेहमीचंच होतं. ते सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्याला आपलं आपण नाव द्यायचं, नाव म्हणजे नुसता आकडा, त्यामुळे कुठलं लग्न कुठलं हे एकेक उघडून बघावं लागायचं. मला कुठला तेवढा धीर? एक जुनं, देऊन झालेलं लग्न उडवायचं होतं. मी एक गठ्ठा निवडला, आणि कचरापेटीत टाकून जागा मोकळी होत नाही म्हणून कायमचाच उडवायला घेतला. त्याने विचारलं, खात्री आहे का? मी वाचलं नाही. हो दाबलं.

दुसऱ्या दिवशी दासगावचं काम उघडलं. मेहंदी होती, निकाह होता, जेवणाच्या पंगती होत्या. पाठवणीच्या जागी काळ्या चौकटी, त्यावर लाल फुल्या. मी कॅसेट कॅमेऱ्यात घातली. बेंजो वाजत होता आणि पोलादपूरचे हळद माखलेले लोक नाचत होते. मी ती शेवटपर्यंत पळवत बघितली. शेवटपर्यंत हळदच होती.

त्या दिवशी मी काय केलं असेल? कपाळाला हात लावून बसलो, आणि सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. मोठ्याने, एकटाच. आणि मग शिल्लक होतं त्याची सीडी बनवली. मंडपातली नवरी, तिच्यावर एक मोठा बदाम उघडतो, समाप्त. चाचांनी ठरवलं होतं, की सीडी आधी मुलीच्या बापाने बघायची, मग घरच्यांनी. गावातलंच कोणीतरी कुवेतला परत चाललं होतं, त्याच्या हाती ती गेली. मला वाटलं, इतक्या लांब एवढं कोण बारकाईने बघतंय?

अब्दुल्लाभाईंचा फोन आला. आवाज शांत होता. “पोरगी बोलली, चाचा माझं नाव घेऊन बोललेत त्यात. पाठवणीला. ते कुठं हाय?”

सांगायचं होतं, माझ्याकडून पुसलं गेलं. एका वाक्याचं काम. पण मी गावभर सांगत फिरलो होतो, की कॅसेटला बुरशी येते, कॉम्प्युटरमधलं कधी जात नाही. सीझन चालू होता. लग्न पुसणाऱ्याला कोण लग्न देणार? उचलली जीभ लावली टाळ्याला — मी म्हणालो, “चाचा आले होते स्टुडिओत. तेवढं काढून टाक म्हणाले.”

ते म्हणाले, “त्याला पहिल्यापास्नं कॅमेरा पसंत नाय.” मी हुं म्हटलं. “पर हे ठेवायला पायजे होतं त्यानं. माझ्यासाठी तरी.” आणि फोन ठेवला.

मी चाचांचंच नाव का घेतलं? सुचलं म्हणून? नाही हो. मला नेमकं ठाऊक होतं की हे खपेल. दाढीवाला, पाच वेळचा नमाजी म्हातारा, त्याने व्हिडिओ पुसायला लावला — कोण शंका घेणार? त्याचा सख्खा भाऊसुद्धा घेणार नाही, हे मी हेरलं होतं. लोकांच्या मनात ती समजूत आयती होती. मी फक्त तिच्यात हात घातला. याची मला सॉफ्टवेअरपेक्षा, पुसलेल्या पाठवणीपेक्षा जास्त शरम वाटते.

इथेच संपलं असतं तरी पुरे होतं. पण चाचा पुन्हा आले.

या वेळी ते खुर्चीत बसले. मी पाणी दिलं, ते प्यायले नाहीत. म्हणाले, “अब्दुल्लानं माझ्याशी बोलणं टाकलंय. मी काढायला लावलं म्हणतो. तू बोललास त्याला तसं?” रागावले नव्हते. उलट मलाच सांभाळून घेतल्यासारखं म्हणाले, “कायतरी बिघाड झाला असंल तुझ्या मशीनचा, तर सांग बाबा. मी कुणाला बोलणार नाय.”

बघा. दार सताड उघडं होतं. माणूस स्वतः मला निमित्त देत होता — आणि निमित्त म्हणून मी जन्मभर जे वापरलं तेच! मशीनचा बिघाड! आयुष्यात एकदा तरी त्याचा उपयोग झाला असता. पण अब्दुल्लाभाईंना एक सांगून बसलो होतो, आता दुसरं सांगितलं तर खोटा ठरणार. मी म्हणालो, “चाचा, असं काय करता? तुम्हीच दारात उभं राहून म्हणालात ना, माझं थोबाड दाखवू नको. सगळ्या पाठवणीत तुम्हीच होता. मग मी सगळंच काढलं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. आठवत होते. मला ते आठवताना दिसत होते. आणि त्यांना ते वाक्य आठवलं, कारण ते खरंच म्हटलेलं होतं.

“बोललो खरा मी तसं,” ते म्हणाले. “माझ्याच तोंडानं गेलं म्हणायचं.” उठले. दाराशी गेल्यावर वळून मला म्हणाले, “तुझ्यावर उगाच आळ घेतला. मनात ठेवू नको.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्याशाने स्वतःच मान पुढे केली, आणि चोराची माफीही मागितली.

अब्दुल्लाभाई पुढल्या सुट्टीत आले ते दासगावच्या घरी न उतरता महाडात सासुरवाडीला राहिले. चाचा तिथे जाऊन आले, माझं चुकलं म्हणाले, असं मला दुसऱ्यांकडून कळलं. त्यानंतर भाऊ बोलायला लागले, पण कामापुरतं. ईदेला जाणं-येणं व्हायचं, बसणं नाही. मला हे सगळं कळत होतं. रस्त्यात चाचा दिसले की मी वाट बदलायचो. कधी गाठ पडलीच, तर ते आपुलकीने विचारायचे, “धंदा कसा हाय?” मी सांगायचो, “मशीन फार छळतं, चाचा.” आणि ते हसायचे.

सगळी वर्षं तसंच चाललं. सॉफ्टवेअर बदललं, नवं आलं, तेही तसंच अडकायचं, मी तसाच ओरडायचो. पुढे चाचा गेले. अब्दुल्लाभाई तोवर कुवेत सोडून कायमचे परत आले होते.

मयतीला मी गेलो. न जाण्याची हिंमत झाली नाही म्हणा. कब्रस्तानातून परतताना अब्दुल्लाभाई माझ्या शेजारी चालायला लागले. थकलेले दिसत होते. रस्त्याकडे बघतच म्हणाले, “संजय, त्या पाठवणीचं मी त्याला कवाच माफ केलं होतं. तोंडानं बोलायचं तेवढं राहून गेलं.”

माफ करण्यासारखं त्या माणसाने काही केलंच नव्हतं, आणि हे त्या वाटेवर मला एकट्याला ठाऊक होतं. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

मी म्हणालो, “बरं केलंत.”