चार बैलांचा कॉम्प्युटर

आधी माफी मागतो. माणूस कागदावर उतरवायला मुरलेला हात लागतो, आणि आमच्या घरात आजवर लिहिला गेलेला सगळ्यात मोठा मजकूर म्हणजे विहिरीवरच्या मीटरसाठी केलेला दीड पानाचा अर्ज. तोही मीच लिहिला होता, सातवीत असताना. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्यात काही चुकले तर कान धरणारेही कोणी नाही. तरी लिहितो, कारण माझ्या मढ गावच्या मामांबद्दल मी नाही लिहिले तर दुसरे कोणी लिहिणार नाही, आणि स्वतः मामा स्वतःबद्दल ‘बरं हाय’ या दोन शब्दांपलीकडे गेल्याचे कोणाला आठवत नाही.

मामांसारखी पारख जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत दुसऱ्या कोणाला नाही. भाचा म्हणून बोलतो आहे असे कोणाला वाटेल, पण आमच्या नात्यागोत्यात पाय, चाक किंवा पिन असलेली एकही वस्तू मामांनी थाप मारून पाहिल्याशिवाय घरात आलेली नाही. म्हैस असो, पाण्याची मोटार असो की लोखंडी कपाट, मामा आधी त्याच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारतात, मग मागे उभे राहून थाप मारतात आणि कान देऊन ऐकतात. आमचा फ्रीज घेताना त्यांनी दुकानात एकापाठोपाठ सहा फ्रीजना थापा मारल्या आणि एका फ्रीजला ‘पोकळ हाय’ म्हणून नाकारले. दुकानदार म्हणाला, “अहो, फ्रीज पोकळच असतो.” मामा म्हणाले, “असतो ना. पन ह्यो जास्ती हाय.” माझ्या मावसबहिणीला पाहायला आलेल्या मुलाच्या पाठीवर त्यांनी अशी थाप मारली की त्याच्या हातातला चहा बशीसकट खाली गेला. मुलगा कसाबसा सावरून हसला. मामा आत येऊन म्हणाले, “कप पडला पन पोरगं न्हाई पडलं. आन चिडलं बी न्हाई. करा पक्कं.” तो संसार आज उत्तम चालला आहे, आणि मेहुणे अजूनही मामांकडे पाठ करून बसत नाहीत.

त्यांची दुसरी खोड म्हणजे विकणाऱ्याला पहिला प्रश्न एकच विचारायचा, ‘का इकतोय?’ बैलबाजारात हा प्रश्न शहाणपणाचा, पण मामा तो सगळीकडे विचारतात. ओझरच्या देवळाबाहेर मेथी विकणाऱ्या एका आजींना त्यांनी अगदी गंभीरपणे विचारले होते, “मावशे, मेथी का इकताय?” आजी म्हणाल्या, “न्हाईतर काय, बारसं करू तिचं?” मामांनी लगेच चार जुड्या घेतल्या. ज्याचे उत्तर तडक येते त्याचा माल चोख, असे त्यांचे गणित आहे.

पण एवढ्या पारखी माणसाचा एकदा अंदाज चुकला, आणि तो सगळ्या गावासमोर चुकला. आमच्याकडे यात्रेत बैलगाड्यांची शर्यत होते, ती चार बैलांची असते. पुढे एक जोडी, मागे एक जोडी, समोर चढण. तिला घाट म्हणतात. एकेका गाड्याची धाव म्हणजे एक बारी, आणि ती बारी सेकंदांवर मोजली जाते. कोर्टाच्या बंदीमुळे शर्यती बंद होत्या त्या सगळ्या वर्षांत मामांनी गोठ्यात बैल राखले आणि गळ्यात स्टॉपवॉच बाळगले. शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांनी बेल्ह्याच्या बाजारातून एक असा खोंड आणला, की तो बघायला लोक मोटारसायकली थांबवायचे. बाकीचे तीन बैल मात्र जुनेच, थकलेले. घाटात तो एकटा सुटला, तिघांना त्याच्या पायाला पाय लावता येईना, गाडा तिरका होऊन कडेच्या बांधाला लागला. कोणाला इजा झाली नाही, पण लाउडस्पीकरवरचा माणूस ओरडला, “बैल आला हो, गाडा मागनं येतोय!” सगळा घाट हसला. मामांनी त्याच आठवड्यात गाडा सुटा करून गोठ्याच्या आढ्याला टांगला. पुढे ते म्हशी बघत, मोटारी बघत, पण घाटाकडे फिरकले नाहीत, आणि यात्रेचा विषय निघाला की पाणी प्यायला उठत.

आता माझे सांगतो. कॉलेजातल्या मित्राच्या खोलीवर मी वर्षभर त्याच्या खुर्चीमागे उभा राहून गेम बघितले. खेळायला कधी मागितले नाही, मागायचा धीर झाला नाही. दोन सुट्ट्यांत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलून मी पंचेचाळीस हजार रुपये जमवले. वडिलांना सांगितले, अभ्यासासाठी कॉम्प्युटर घ्यायचा आहे. वडील म्हणाले, “तुझा मामा व्हय म्हणला तर घे.” मामा आले, माझ्याभोवती चक्कर मारली आणि विचारले, “का घेतोयस?” प्रश्न उलटा आला तरी मी ओळखला. अभ्यासासाठी म्हणालो. मामा नुसते माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मी म्हणालो, “गेम खेळायचेत, मामा.”

“मग तसं सांग की राव! शर्यतीचा बैल नांगराला म्हणून आनला की तिथंच फसगत व्हती,” असे म्हणून ते ओसरीवर वडिलांना म्हणाले, “दाजी, तुमचं पोरगं शर्यतीचं जनावर घेतंय. नांगर बी वढंल, पन घेतंय शर्यतीला. आदीच सांगून ठेवतो.” वडिलांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि म्हणाले, “बरं. पन निवड तुमची. बिघडलं तर तुमचं नाव.” मामांचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते मला नीट दिसले. ते नाव एकदा घाटात पडले होते.

माझा बेत तयार होता. खेडजवळचा एक तरुण आपले मोठे ग्राफिक्स कार्ड स्वस्तात विकत होता. गेमचे चित्र पडद्यावर पळवते ते हे कार्ड. निम्म्याहून जास्त पैसे त्यात घालायचे आणि बाकीचे सुटे भाग मिळतील ते स्वस्तातले घ्यायचे. मामा बरोबर आले. कार्ड हातात घेऊन त्यांनी आधी त्याचा वास घेतला. मग त्याच्यावरच्या पंख्याला बोट लावून तो हळूच हलवला, तर पंखा डुगडुगला. “का इकतोय?” त्यांनी विचारले. तरुण म्हणाला, “नवीन घेतलंय, काका.” मामा म्हणाले, “ह्येची मान गेलीय. ह्येला रातीचं बी जुंपलं व्हतं ना?” तरुणाने मान खाली घातली. ते कार्ड महिनोन्‌महिने रात्रंदिवस चालवून त्याने त्यावर डिजिटल नाणी काढली होती. “घान्याचा बैल हाय ह्यो,” मामा मला म्हणाले, “अंगानं भरलेला दिसतो, पन आत काय ऱ्हायलं न्हाई.” निघताना त्यांनी त्या तरुणाच्या पाठीवरही थाप मारली, पण हळू.

परतीच्या एसटीत मामांनी मला प्रत्येक भागाचे काम विचारले. मी भीत भीत सांगितले. हिशेब करतो तो प्रोसेसर, चित्र काढते ते कार्ड, हाताशी लागेल ते धरून ठेवते ती रॅम, आणि सगळ्यांना वीज पुरवतो तो पॉवर सप्लाय. मामांनी चार बोटे मोजली. “चार बैल. आन तुझा इचार काय व्हता? एक तरना आन तीन म्हातारे?” मी हो म्हणालो. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “म्हंजी माझाच गाडा.” मंचरला एसटी थांबली. उतरताना ते म्हणाले, “चारी मध्यम घे, पन पायाला पाय लावून पळनारे घे. आन पयला चारा बघ, तुझा तो इजेचा डबा. चाऱ्यात काटकसर करनारा घाटात येऊच नये.”

मग आम्ही पुण्याला गेलो. दुकानातला विक्रेता तिशीचा, चष्मेवाला, फार सभ्य माणूस. त्याने प्रोसेसर उघडून दाखवला. खाली बारीक पिनांच्या रांगा बघून मामा खूश झाले. “दात सगळे हायेत. नवा हाय,” ते म्हणाले. पॉवर सप्लायला त्यांनी थाप मारली नाही, तळहातावर तोलला. दोन हलके परत केले आणि तिसरा जड निघाला तो बाजूला ठेवला. पुढे मी माहिती वाचून पाहिली, तर तिघांत चांगला तोच होता. चारही भाग काउंटरवर ओळीने मांडून मामांनी विक्रेत्याला विचारले, “ह्येच्यात कोन कोनाला मागं वढतं?” विक्रेता चष्मा काढून पुसत म्हणाला, “काका, हा प्रश्न लोकांनी मला रोज विचारायला हवा. कोणी विचारत नाही.” त्याने प्रोसेसर एक पायरी खाली आणला आणि वाचलेल्या पैशांत रॅम वाढवली.

मग भाव. मामांनी खांद्यावरचे उपरणे काढले, विक्रेत्याचा हात धरला आणि दोघांचे हात उपरण्याखाली झाकले. बैलबाजारात सौदा असाच होतो. तोंडाने आकडा बोलायचा नाही, उपरण्याखाली बोटे दाबून सांगायचा. विक्रेता घाबरला. “काका, चक्कर येतेय का? पाणी देऊ?” मी शरमेने कीबोर्ड बघू लागलो. मामांनी त्याला शांतपणे शिकवले, एक बोट म्हणजे काय, मूठ म्हणजे काय. पाच मिनिटांनी वळून बघतो तर विक्रेता डोळे मिटून, ओठ दाबून उपरण्याखाली उलट बोटे दाबत होता, आणि मामा मान हलवत होते. पैसे माझे, पण त्या दुकानात भाव माहीत नसलेला मी एकटाच. पडद्यासकट सगळे माझ्या पैशांत बसले, वर घरी यायचे एसटीचे भाडेही उरले.

घरी मी व्हिडिओ बघत सगळे जोडले. सगळे ओसरीवर जमले. मामा स्टॉपवॉच घेऊन उभे राहिले. बटण दाबले, पंखे फिरले, लाल दिवा लागला, आणि पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबले. काळाच. वडिलांनी मामांकडे बघितले. आई उगाच आत गेली. मी म्हणालो, “मामा, कार्ड खराब निघालं वाटतं.” मामांच्या कपाळावर घाम होता, पण आवाज हलला नाही. “जनावराला बोल लावू नको. आदी दोऱ्या बघ. कोनती दोरी कुठं बांधलीय?” मी मागे वाकून बघितले. पडद्याची वायर मी कार्डाला लावायची सोडून सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डला लावली होती. म्हणजे बैल जुंपलेलाच नव्हता. वायर बदलली, बटण दाबले, आणि मामांनी स्टॉपवॉच सुरू केले. पडद्यावर निळे चित्र आले तेव्हा त्यांनी ते थांबवून वडिलांच्या नाकासमोर धरले. “अकरा सेकंद, दाजी. घाटात येवढ्यात नंबर लागतो.” वडील म्हणाले, “निवड बरी हाय.” माझ्या वडिलांकडून याहून मोठी पावती कोणाला मिळालेली नाही.

त्या दिवशी मामांनी तासभर गेम बघितला. त्यांना काय कळले ते मला माहीत नाही. मधेच खाली वाकून कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “चारी बरोबर चाललेत.” जाताना त्यांनी माझ्याही पाठीवर थाप मारली. मी पडलो नाही.

पुढे मी कॉम्प्युटर मंचरला कॉलेजसाठी घेतलेल्या खोलीवर आणला. दर रविवारी दुपारी मामांचा फोन येऊ लागला, आणि प्रश्न एकच असायचा. “कितीत उठतो?” मी सांगायचो, अकरा. ते म्हणायचे, बरं हाय. बस, एवढाच फोन. आता दीड वर्ष झाले. डब्यात गेम भरले, धूळ बसली, आणि तो उठायला चौदा सेकंद घेऊ लागला. पण फोनवर मी अकराच सांगत राहिलो. हे खोटे मी इथे पहिल्यांदाच कबूल करतो आहे.

गेल्या रविवारी फोन आला नाही. मी केला तर लागेना. मढकडे रेंज जाते-येते, म्हणून सोमवारी पुन्हा केला, तरी लागेना. माझी परीक्षा चालू होती. मंगळवारी पेपर देऊन आलो आणि आईचा फोन आला. आईचा आवाज वेगळाच होता, म्हणून मी खाली बसलो.

“आरं, दादा यात्रेत गेला व्हता,” आई म्हणाली. मामा तिचे थोरले भाऊ. “शेजारच्या गावच्या गाडेवाल्यानं घरी येऊन बोलावलं. चार बैल तुमीच जुळवून द्या म्हणला. दादानं त्यांचा पयल्या नंबरचा खोंड बाजूला काढायला लावला, सगळी भांडली, तरी काढलाच. चार मध्यमच जुंपले आन बारी पळवली. तीन दिस त्यांच्याच गोठ्यावर व्हता, फोन बी घरी इसरून. आज आला तवा मला फोन केला. तुला एक निरोप दिलाय त्यानं.”

“काय?”

“काय न्हाई बाबा. नुसतं अकरा म्हणून सांग म्हणला. तुला कळंल म्हणला. अकरा काय रं?”