रडण्याचा रकाना

"सवाल बराबर हाये मास्तर, जागा चुकली."

असं म्हणण्याआधी मुकादम खांद्यावरचा दुपट्टा काढायचे, एकदा झटकायचे, त्याची चौपदरी घडी करून गुडघ्यावर ठेवायचे आणि मगच तोंड उघडायचे. समोरच्यानं तोवर वाट पाहायची, मग तो गावचा कोतवाल असो की नागपूरचा प्रोफेसर. आयुष्यात मी विद्वान पुष्कळ पाहिले. तुम्हीही पाहिले असतील. पण प्रश्नाला इतका मान देणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

देश स्वतंत्र होण्याच्या आठ-दहा वर्षं आधीची गोष्ट. मी गोंदियाच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो आणि माझ्या अक्षराचा मला नको तेवढा गर्व होता. त्या अक्षरापायीच नागपूरच्या एका प्रोफेसरांनी मला मे महिन्याच्या सुट्टीत लेखनिक म्हणून सोबत घेतलं. सालेकसा स्टेशनापासून दोन कोस आत एक गाव होतं. तिथं घरोघर जाऊन विचारायचं, कोण कोणत्या जातीचं, कोणाचा कोणाशी काय व्यवहार, जुनं काय टिकलं, नवं काय आलं. असा तो अभ्यास होता. प्रोफेसर माणूस सज्जन, मेहनती, फक्त घाईचा. त्यांच्या प्रश्नांची यादी एवढी लांब होती, की पहिल्या घरातला म्हातारा मधेच झोपी गेला.

मुकादम आमचे दुभाषी. जातीनं गोंड, वय पन्नाशीचं. ऐन उमेदीत रेल्वेच्या गँगवर मुकादम होते, ते नाव मागं राहिलं. गोंडी त्यांची घरची, छत्तीसगढी सासुरवाडीची, पोवारी शेजारची, हिंदी रेल्वेची आणि मराठी तहसील कचेरीची. यातली कुठली कुठं काढायची, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी प्रोफेसरांनी विहिरीवर पाणी भरणाऱ्या एका बाईला विचारायला सांगितलं, की तुम्हाला मुलं किती झाली आणि त्यातली गेली किती? मुकादमांनी गोंडीत काहीतरी विचारलं. बाई हसली आणि हातवारे करत बराच वेळ बोलली.

"काय म्हणाली?"

"म्हन्ते, औंदा हिरीचं पानी लवकर खाली गेलं."

प्रोफेसर उन्हानं होते त्याहून लाल झाले. "अहो, मी मुलांचं विचारलं होतं!"

दुपट्टा खाली आला, झटकला गेला, त्याची घडी झाली. "सवाल बराबर हाये साहेब, जागा चुकली. चार बाया उभ्या हायेत. गेलेली लेकरं घागर भरता भरता मोजतेत का कोनी?"

संध्याकाळी ते आम्हाला त्याच बाईच्या अंगणात घेऊन गेले. ती तेंदूपानांची पुडकी बांधत होती. मुकादम शेजारी बसून तिच्याबरोबर पुडकी बांधू लागले आणि बांधता बांधता त्यांनी तो विषय काढला. तिनं दोन्ही गेलेल्या लेकरांची नावं सांगितली, डोळे पुसले आणि उठून आम्हाला गूळ-पाणी दिलं. त्या रात्री प्रोफेसरांनी आपल्या यादीची क्रमवारी बदलली, पण तसं कबूल मात्र केलं नाही.

एकदा प्रोफेसरांनी खुद्द मुकादमांनाच विचारलं, "गाडी आली, बिडीचे कारखाने आले, पोरं गोंदियाला जाऊ लागली. तुमच्या पाहण्यात गाव किती बदललं?"

मुकादम विचार करून म्हणाले, "पहिले मरनाची खबर पायी जाये, आता गाडीनं जाते. धावून येनारा मानूस तोच हाये."

मला हे उत्तर फार आवडलं. मी ते समासात लिहून घेतलं, कारण यादीत त्याला जागा नव्हती.

गावाच्या मधून एक नाला जात होता. अलीकडे पोवारांची वस्ती, पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, ओलांडून गोंडांचा टोला. प्रोफेसरांचा सगळा रोख या दोन वस्त्यांवर होता. रोटी-व्यवहार, म्हणजे एकमेकांकडे शिजवलेलं अन्न खाता का? उत्तर आलं, नाही. बेटी-व्यवहार, म्हणजे मुली देता-घेता का? नाही. दोन्ही बाजूंनी, घरामागून घर, नाही आणि नाही. प्रोफेसरांनी निष्कर्ष सांगितला आणि मी तो माझ्या सुंदर अक्षरात उतरवला, की दोन्ही वस्त्यांत परस्पर सामाजिक संबंध नाहीत.

मुकादमांना वाचता येत नव्हतं. पण रोज काम संपलं की ते म्हणायचे, "आज काय लिवलं, वाचा जरा." त्या दिवशी मी वाचून दाखवलं. दुपट्टा खांद्यावरच राहिला.

"मास्तर, हे झूट हाये."

"अहो, उत्तरं तर तुम्हीच सांगितलीत!"

"उत्तर खरं हाये. लिवलेलं झूट हाये."

मग त्यांनी मला महापरसादाचं सांगितलं. आमच्या पूर्वेकडच्या मुलखाबाहेर ही रीत फारशी कुणाला माहीत नसेल, म्हणून सांगतो. दोन माणसं देवासमोर बसून जगन्नाथपुरीहून आलेल्या वाळक्या भाताचे दाणे एकमेकांना देतात आणि जन्माचे महापरसाद होतात. जात कोणतीही असो. त्या दिवसापासून एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, 'महापरसाद' म्हणूनच हाक मारायची. एकाच्या घरचं जन्म-मरण दुसऱ्याच्या घरचं होतं. शिजवलेला भात मात्र तरीही एकमेकांकडे खात नाहीत. कोरा शिधा पोचता करतात. आमच्या मुकादमांचे महापरसाद होते नाल्याअलीकडचे पोवार पटेल. चाळीस वर्षांत दोघांनी एकमेकांचं नाव उच्चारलं नव्हतं. त्यांच्याबद्दल लिहिताना मलाही नाव लिहायचा संकोच वाटतो, म्हणून मुकादमांचं नाव मी इथं गाळलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम प्रोफेसरांपुढे जाऊन बसले.

"रोटी लिवली, बेटी लिवली. रडनं कोठी लिवलं साहेब? रडन्याचा खाना कोठी हाये?"

खाना म्हणजे रकाना. प्रोफेसरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुकादम, ही जिवाभावाची मैत्री झाली. चांगली गोष्ट आहे. पण मैत्रीला आम्ही सामाजिक संबंध म्हणत नाही."

"मैतर रुसते, तुटते. महापरसाद रुसला तरी तुटत नाई."

"याला पुरावा काय?"

 यावर मुकादम जे बोलले, ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "माहा नातू शारेत जाऊन राहिला. उद्या तो तुमचं बुक वाचन. त्यात लिवलं राहीन, का नाल्याच्या दोन बाजूचे लोक एकमेकाचे कोनीच नोहोत. मंग तो तसाच वागन. तुमी गाव लिवून नाई राहिले साहेब, तुमी त्याले शिकवून राहिले."

प्रोफेसरांनी चष्मा पुसला आणि पुढच्या घराचा कागद काढला. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

चार दिवसांनी सकाळी मुकादम आमच्या मुक्कामी, गावच्या शाळेत आले, ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "माय गेली. दहा दिस येत नाई."

त्यांची आई गेल्याला बारा वर्षं झाली होती. गेली होती ती पटेलांची आई. प्रोफेसर कळवळून म्हणाले, "अहो, दहा दिवस कसे? माझी सुट्टी संपेल! आणि पुढच्या वर्षभराच्या कामावर तुम्हालाच न्यायचं मी ठरवलं होतं. असे मधेच गेलात तर मला दुसरा माणूस पाहावा लागेल."

"पाहा," मुकादम म्हणाले आणि निघून गेले.

प्रोफेसर माझ्याकडे वळले. "पटेलांची आई वारली, तर हे कशाला चालले?"

माझा स्वभाव तसा भांडखोर नाही. पण त्या क्षणी डोकं फिरलं. "तेच तर ते चार दिवसांपूर्वी सांगत होते, सर! आपणच पुरावा मागितला होता."

दहा दिवस आमचं काम बंद पडलं. प्रोफेसर शाळेच्या पडवीत येरझारा घालायचे आणि मी माशा मारायचो. मुकादम पटेलांच्या ओसरीवर भुईला झोपत, एकवेळ जेवत, तेही टोल्यावरून आलेलं. दहाव्या दिवशी मी प्रोफेसरांना जवळजवळ ओढतच नाल्यावर नेलं.

नाल्यात मे महिन्याचं पाणी ते केवढं, एका डोहापुरतं. काठावर न्हावी बसला होता. त्यानं आधी पटेलांचं डोकं केलं. मग कुणी काही न सांगता त्यानं वस्तरा धुतला आणि मुकादमांचं डोकं भिजवायला घेतलं. पलीकडून टोल्यावरच्या बायका तांदूळ-डाळीच्या टोपल्या घेऊन बांध्यांमधून येताना दिसत होत्या. पोवारांच्या बायका सामोऱ्या गेल्या आणि गळ्यात पडून दोन्हीकडच्या एका सुरात रडू लागल्या.

प्रोफेसरांनी न्हाव्याला हळूच विचारलं, "हे मयताचे कोण?"

न्हाव्यानं मान वर करून त्यांच्याकडे असं पाहिलं, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "महापरसाद नाई का? पोरगाच म्हनाचा."

प्रोफेसरांनी वही उघडली आणि मुकादमांच्या दिशेनं एक पाऊल टाकलं. मुकादमांनी डोकं न हलवता हात वर केला. "आज काई इचारू नोका साहेब. आज फक्त पाहा."

प्रोफेसरांनी वही मिटली. विद्वान माणसानं वही मिटताना मी तेवढं एकदाच पाहिलं. ते उन्हात तासभर उभे होते.

पडवीत परतल्यावर ते म्हणाले, "मास्तर, पट्टी द्या." मुकादम आले तोवर त्यांनी पहिल्या कागदावर स्वतःच्या हातानं नवा रकाना आखला होता. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी. याला नाव काय द्यायचं, तुम्ही सांगा."

मुकादमांनी दुपट्टा काढला, झटकला, घडी केली. "नाव तुमीच देजा, लिवनारे तुमी. पन खाना मोठा ठेवा."

प्रोफेसरांनी तार करून रजा वाढवली. पहिल्या घरापासून आम्ही पुन्हा सुरुवात केली. प्रश्न एकच, तुम्ही कोणाकोणाच्या घरी सुतक पाळता? कुठल्या घरी, कुठं बसून तो विचारायचा, हे मुकादम ठरवत. उत्तरं येऊ लागली आणि माझा हात थकला. महापरसाद निघाले, गंगेचं पाणी एकमेकींना देऊन जोडलेल्या बायकांच्या गंगाजळ मैत्रिणी निघाल्या, नाला ओलांडून नाती निघाली. गावात एकही घर असं निघालं नाही, की ज्याचा तो रकाना कोरा राहिला. गोंदियासारख्या शहरात मी माझ्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचं नाव जाणत नव्हतो आणि याच गावाला मी 'परस्पर संबंध नाहीत' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. तो कागद मी फाडला. माझ्या हातच्या लिखाणाचा मला खरा अभिमान वाटला, तो त्यानंतरच्या पानांचा. पुढचं वर्षभर प्रोफेसरांनी मुकादमांशिवाय दुसरा दुभाषी नेला नाही.

पुस्तक मात्र लवकर निघेना. लढाई सुरू झाली, कागद मिळेनासा झाला. मुकादम गोंदियाच्या बाजाराला आले की माझ्या वर्गाच्या दाराशी उभे राहायचे.

"छापलं का?"

"नाही अजून."

"खाना राहिला ना पन त्यात?"

"आहे, मुकादम."

"हव," म्हणायचे आणि जायचे. असं किती वर्षं चाललं, मोजलं नाही.

शेवटी पुस्तक आलं. मी शनिवारी शाळा सुटल्यावर गाडीत बसलो आणि सालेकशाला उतरून दोन कोस जवळजवळ पळत गेलो. नाल्याअलीकडे पटेल ओसरीवर चटईवर बसले होते. त्यांच्या डोक्यावर नुकते कुठं पांढरे खुंट उगवत होते. पटेलांचे आईवडील गेलेले, भाऊ त्यांना नव्हताच. मी पायरीवरच थांबलो. काही विचारायची गरज उरली नव्हती.

"पंधरा दिस झाले," पटेल म्हणाले. "तापानं गेला. बसा मास्तर."

मी पुस्तक दाखवलं. ते म्हणाले, "वाचा."

पुस्तक इंग्रजीत होतं. मी मराठी करत वाचत गेलो. त्या गावचा नाला, दोन्ही वस्त्या, तो रकाना, त्यातली उत्तरं. शेवटी प्रोफेसरांनी लिहिलं होतं, की हा प्रश्न मला सुचला नव्हता, तो मला एका माणसानं शिकवला. पुढे नाव होतं. मी तिथं अडलो.

"थांबले काऊन?"

"पुढे त्यांचं नाव आहे, पटेल."

पटेलांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "वाचा. चाळीस वरसाच्या वर झाले, माह्या तोंडी नाई आलं. आता बी नाई येनार. पन आयकता तं येते ना मले?"

मी नाव वाचलं. त्यांचं, वडिलांचं आणि आडनाव. पटेलांचे ओठ मिटलेलेच होते, पण डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

"अजून एक डाव," ते म्हणाले. "जरा जोरानं वाचा मास्तर. नाल्यापल्याड गेलं पायजे."

मी पुस्तक हातात घेऊन ओसरीच्या कडेला उभा राहिलो आणि शाळेत हजेरी घेतानाही कधी काढला नव्हता, इतका मोठा आवाज काढून ते नाव वाचलं.