बाबांच्या टकलावरचे रविवार

महाडच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या आयुर्वेदिक कारखान्यात मी औषधं तयार करते. गेल्या वर्षी मालकांनी केसगळतीवर पोटात घ्यायची गोळी काढायला सांगितली. माका, आवळा, ब्राह्मी, सगळं मिळालं, पण आमच्याकडची पावसाळी हवा गोळीला मानवेना. एक घाणा दमटपणाने भुसभुशीत, तर पुढचा इतका टणक की पेल्यातल्या पाण्यातही गोळी ढिम्म. शेवटी एकदाची जमली. आता ती कुणीतरी घ्यायला हवी होती.

"मी घेतो," पोलादपूरहून बाबा फोनवर म्हणाले. निवृत्त मास्तर, आई गेल्यापासून एकटे, आणि डोकं कपाळापासून मानेपर्यंत लख्ख.

"अहो, ही गळती थांबवायची गोळी आहे. तुमचं गळायला उरलंय काय?"

"म्हणूनच! माझ्या डोक्यावर उगवले तर कुणाच्याही उगवतील."

दिवाळीपर्यंत फरक दिसला नाही तर गोळी गुंडाळायची, असं मालकांनी बजावलं होतं. बाबांनाही मी ते सांगून टाकलं. महाडहून पोलादपूर ते कितीसं लांब! पण सासर, नोकरी, मुलांच्या शाळा यांतून माझं माहेरपण सणासुदीपुरतं उरलेलं. आता दर रविवारी जायला लागले. बाबा पडवीत गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून तयार असायचे. मी मोबाइलवर टकलाचे फोटो काढायचे, मग दोघं वालाची उसळ नि भाकरी खायचो. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "गो, कातळावर कदी भात झालाय?"

दसऱ्यानंतरच्या रविवारी टाळूवर बारीक काळी लव दिसली. माझा आनंद गगनात मावेना. फोटो नीट यावा म्हणून ओल्या फडक्याने टाळू पुसली, तर लव फडक्यावर. काजळ!

मी भडकलेच. जन्मभर कॉपी करणाऱ्या पोरांचे कान पिळले त्या माणसाने हे करावं?

"बाबा, हा फोटो मी मालकांना दाखवला असता तर?"

बाबांनी टॉवेल डोक्यावर ओढून घेतला. उत्तर कुंपणापलीकडून काकूंनी दिलं.

"मीच लावलं गो. गोळी बंद झाली की तू येनार नाय, म्हनून. ह्यो मानूस सोमवारपासून तुजी वाट बगत बसतो."

 ते फडकं मी उगाच धूत बसले.

दिवाळीला गोळी गुंडाळली गेली. हे फोनवर सांगवेना, म्हणून रविवारी जाऊन सांगितलं. बाबांनी गळ्यातला टॉवेल काढून त्याची घडी घातली. रोज पहाटे आंबेनळी घाटाच्या रस्त्याने चढून येणारा, मला धाप लागली की हसणारा हा माणूस. मग हळूच गुडघा चोळत म्हणाला, "गुडघेदुखीवर काही काढताय का गं? माझे फार दुखतात हल्ली."

"रविवारी येऊन तपासते," मी म्हणाले.