भंडारा उचलला नाही म्हणून

"उचल भंडारा. चोरी केली नसंल तर हात कशाला आखडती?"

आमचे मालक अण्णा ओट्यावर खुर्चीत बसले होते. आम्ही कांदा निवडणाऱ्या बाया खाली अंगणात, उन्हात. मधे पितळी ताट. ताटात हळदीचा ढीग, वर बेलाची पानं. मालकीणबाईंचे कानातले झुबे सापडत नव्हते. पोलीस कशाला, देवच दाखवील, असं अण्णा म्हणाले. आमच्याकडं ही जुनी रीत आहे. बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची. खोटी घेतली तर खंडोबा बघून घेतो.

त्या दिवशी घरात पाहुणे होते, सुना होत्या, फरशी बसवणारी माणसं होती. त्यांच्यापुढं ताट गेलं नाही. ओळीत उभ्या केल्या फक्त आमच्या वस्तीतल्या बाया.

एकेक पुढं गेली, चिमूट उचलली, शपथ घेतली, सुटली. माझी पाळी आली. मी हात मागं घेतले.

"अण्णा, मी येशूला मानती. आमी शपथ घेत न्हाई. झुबं मी घेतलं न्हाई. माझं न्हाई म्हंजे न्हाई."

अण्णा हसले. "बाटल्यावर देवाची भीती बी जाती व्हय?" मग घराकडं तोंड करून म्हणाले, "हिची पिशवी बघा."

मालकीणबाईंनी पिशवीला हात लावला नाही. काठीनं उलटी केली. भाकरी मातीत पडली. विळी, पाण्याची बाटली, डोक्याला बांधायचं फडकं. तेवढ्यावर भागलं नाही. "साडी झाड," त्या म्हणाल्या. तिथं ट्रॅक्टरवाला उभा होता, फरशीवाले उभे होते. मी झाडली. सगळ्यांदेखत पदर सोडून, निऱ्या हलवून झाडली. काही पडलं नाही. तरी चोर मीच, कारण मी भंडारा उचलला नव्हता.

"उद्यापासून येऊ नगं."

दिवस मावळायच्या आत गावात कांदा साठवायच्या जेवढ्या चाळी आहेत, त्या सगळ्यांना बातमी पोहोचली. मी कुठंही गेले की माणसं पुरेशी आहेत म्हणत.

सासूबाई डोकं धरून बसल्या. त्यांचाही बाप्तिस्मा झालेला, माझ्याआधी कितीतरी वर्षं. तरी म्हणाल्या, "आगं, हळद हाय ती. चावती का तुला? जा, उचल, अन् कामाला लाग." मला त्यांचा राग आला नाही. अख्खा जन्म त्यांनी त्या ओट्याखाली काढलाय. राग आला तो दुसऱ्याचाच.

आमचे पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले. भला माणूस. लांबलचक प्रार्थना केली, सैतानाला धमकावलं. लहानपणापासून मी हे ऐकत आलेय. अंधाराच्या सत्ता, सैतानाचे डाव, विश्वासाची ढाल. मला वाटायचं, सैतान म्हणजे चिंचेवरचं भूतबीत असणार. तो असा पांढरी टोपी घालून खुर्चीत बसेल, चहा मागवील आणि देवाचंच नाव घेऊन साडी झाडायला लावील, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आमेन झाल्यावर पाळकसाहेब हळूच म्हणाले, "ताई, दिवस नाजूक आहेत. लोक आपल्या प्रार्थनासभांवर डोळा ठेवून आहेत. कब्रस्तानाची वाट अण्णांच्या रानातून जाते. उद्या त्यांनी ती अडवली तर मयत कुठून न्यायची? मनात प्रभूचं नाव घ्या आणि भंडाऱ्याला नुसता हात लावून या. प्रभू मन बघतो."

मी पेटलेच. "मनात प्रभू अन् हातात भंडारा? मग तोंडात काय ठिवू, पाळकसाहेब?"

"रागावू नका. आपलं युद्ध माणसांशी नाही."

बायबलातलं हे वचन मला तोंडपाठ आहे. पण त्याचा अर्थ मला त्या अंगणात उन्हात उभं राहून कळला होता. अण्णांचा द्वेष करायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. अण्णा म्हणतील ते ऐकायचं, असा नाही. खंडोबाशीही माझं भांडण नाही. ज्याची श्रद्धा आहे त्यानं खुशाल भंडारा उचलावा. माझं भांडण आहे ते फक्त आमच्यापुढं ताट धरणाऱ्या हाताशी.

आठवड्याभरात शांता निरोप घेऊन आली. ती माझ्याबरोबर कांदा निवडायची.

"झुबं घावलं. धाकल्या सुनंच्या माहेरच्या बॅगंत हुतं."

"मग?"

"मग काय! अण्णा म्हनत्यात, देवाच्या ताटाचा अपमान झाला, म्हनून घरात कटकट लागली. येऊन भंडारा उचल. लगेच कामावर घेत्यात."

मला आधी हसू आलं, मग संतापानं रडूच कोसळलं. चोरीचा प्रश्न संपला होता. आता नुसतं वाकायचं होतं. सुनेला कुणी ताटापुढं उभं केलं नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायची वेळ झाली. आमच्यात साक्ष संकट सरल्यावर देतात. दुखणं बरं झालं, पोराला नोकरी लागली, प्रभूनं विजय दिला, आणि मंडळी म्हणते आमेन. संकट चालू असताना कुणी उभं राहत नाही. मी राहिले. ओटा सांगितला, काठी सांगितली, साडी सांगितली. अण्णांचं नावही घेतलं.

पाळकसाहेबांनी खूण केली. ढोलकी वाजली, गाणं सुरू झालं. साक्ष लांबली की असंच थांबवतात. सासूबाई पदर ओढून खाली बसवायला लागल्या. मी पदर सोडवून घेतला आणि गाणं संपेपर्यंत उभीच राहिले.

"माझी साक्ष संपली न्हाई," मी म्हणाले. "विजय अजून मिळाला न्हाई मला. काम बी न्हाई. पन मी भंडारा उचलनार न्हाई. कब्रस्तानाच्या वाटंपायी आपन सगळे अण्णांना भितो. तर ती वाट सरकारातनं मागून घिऊ. उद्या मी तहसीलला चालले. कुनाला यायचं आसंल त्यानं यावं."

कुणी आमेन म्हणालं नाही. मीच म्हणाले.

सोमवारी श्रीरामपूरच्या एसटीत मी एकटीच होते. वाटेचा अर्ज दिला. तेव्हापासून खेटे चालू आहेत. साहेब नसतात, असले तर मीटिंगमध्ये असतात. कामाला मला अजून कुणी बोलवत नाही. मिळेल तिथं, दुसऱ्या गावात जाऊन मी राबते. रोज प्रार्थनेत अण्णांचं नाव घेते, आणि ते सोपं जात नाही. पण त्यांच्या अंगणात मान खाली घालून मी पुन्हा उभी राहणार नाही. जाईन ती वाटेचा हुकूम हातात घेऊनच.