प्लेटा घासल्या की भूकंप होतो

दादा गेला आणि किस्से यायला लागले. भेटायला येणारा माणूस चहा घेतो आणि मग म्हणतो, "तुला ते म्हाईत हाय का?" माणूस असताना कुणी सांगत नाही बघा. गेला की पोतं उलटं करतात!

दादा लिंबागणेशच्या पुढं एका वस्तीवर झेडपीच्या शाळेत गुरुजी होता. चौथीला. मी धाकटा, सातवीत शाळा सोडलेला. विहिरीच्या दगडात सुरुंगासाठी भोकं पाडायचं मशीन चालवतो. दादाला झटका आला तेव्हा शाळेच्या ओट्यावर त्याचा ज्वालामुखी अर्धाच झाला होता. कागदाच्या लगद्याचा, कमरेएवढा. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी.

तेराव्याला सगळ्या पाहुण्यांसमोर मी बोलून गेलो, "तो ज्वालामुखी मी पुरा करणार. आन् तो फुटणारच!"

वहिनी इतके दिवस कुणाशी बोलत नव्हती. ती म्हणाली, "तुला सातवी पुरी करता आली न्हाई. ज्वालामुखी करतोस व्हय?"

* * *

हा किस्सा शाळेत खिचडी करणाऱ्या मावशींनी सांगितला.

दादानं एकदा शिकवलं की जमिनीखाली मोठाल्या प्लेटा असतात, आणि त्या एकमेकींवर घासल्या की भूकंप होतो. झालं! त्या दिवशी खिचडी खाऊन पोरं ताटल्या तशाच ठेवून निघाली. दादा ओरडला, "प्लेटा कोण घासणार बे?"

भागी म्हणून एक पोरगी आहे, मेंढरं राखणाऱ्या घरातली, लई तिखट. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, घासल्या की भूकंप होतो. तुमीच म्हणले!"

मावशी चुलीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "मग गुरुजी, माझ्या घरी रोज दोन टायमाला भूकंप हाय!"

* * *

एक किस्सा माझ्या अंगावर आलेला.

भागीच्या आज्याची, तात्याची विहीर आम्ही खोदत होतो. सकाळी मशीन लावतो तर तात्या काठी घेऊन आडवा. "सुरुंग लावायचा न्हाई! तुझा भाऊ पोरांना सांगतोय, हा काळा दगड म्हंजी लाव्हा हाय. फुटला म्हंजी?"

मी तिथूनच दादाला फोन लावला, "कावून माझ्या पोटावर पाय देतोस?" शाळा सुटल्यावर दादा आला. विहिरीतून काढलेल्या दगडांच्या ढिगावर बसून त्यानं तात्याला अर्धा तास समजावलं. लाव्हा खरा, पण तो कोट्यवधी वर्षांपूर्वी वाहिला, थरावर थर साचले, थंड होऊन दगड झाला. आपला सगळा मुलूख त्याच्यावरच बसलाय.

तात्यानं नीट ऐकलं. मग वाकून विहिरीत बघितलं.

"एवढा थंड झालाय, तर मास्तर, पाणी कावून लागंना?"

* * *

पुढं त्याच विहिरीत मी सुरुंग उडवला. शाळा जवळच. दादानं पोरांना शिकवलं होतं की जमीन हलली की बाकाखाली शिरायचं. पण शाळेत बाकं कुठं? पोरं सतरंजीखाली शिरली! एकोणीसच्या एकोणीस!

नेमके तेव्हा तपासणीचे साहेब दारात. वर्ग रिकामा, आणि सतरंजी नुसती वळवळतेय.

"गुरुजी, मुलं कुठं हायेत?"

दादा म्हणाला, "हजर हायेत, साहेब. भूकंपात हायेत."

* * *

दादा सांगायचा, आपली प्लेट नखं वाढतात तेवढ्याच वेगानं सरकते. सगळा देश घेऊन!

सुतकात नखं काढत नाहीत. दहाव्याला घाटावर न्हाव्यानं माझा हात धरला, तर मी नखांकडं बघतच बसलो. तो म्हणाला, "काय बघतोस?"

मी म्हणालो, "दहा दिवसांत भारत किती सरकला ते."

त्यानं वस्तरा खाली ठेवला. मागं वळून म्हणाला, "ह्याला कुनीतरी सावलीला न्या रे!"

* * *

ज्वालामुखीचं सगळं सामान दादानं वहीत लिहून ठेवलं होतं. व्हिनेगर, लाल रंग, आणि शेवटी 'खा. सोडा चार चमचे'. दादाचं अक्षर घाईचं. मला वाटलं, खाली सोडा, चार चमचे. मी मशीनवाला माणूस! डोंगराच्या बुडाला छान भोक पाडलं. वरून व्हिनेगर ओतलं ते खालून निघून ओट्यावरून थेट माझ्या चपलेत.

भागीनं वही ओढली. "काका, खायाचा सोडा हाय त्यो! भज्यात घालतेत!"

भोक बुजवायला मला दोन दिवस लागले. हे घरी सांगितलं तेव्हा वहिनी पहिल्यांदा हसली. मग हसता हसता आत निघून गेली.

* * *

प्रदर्शन चौसाळ्याला होतं. माझ्या हातातला चमचा ओढून सोडा भागीनंच टाकला. मी व्हिनेगर ओतलं. एक, दोन, तीन... काहीच नाही. परीक्षक साहेब पुढच्या टेबलाकडं वळले आणि भस्सकन लाल फेस वर आला! टेबलावरून वाहिला, साहेबांच्या बुटांवर गेला. एकोणीस पोरं नाचायला लागली. वहिनी भिंतीला टेकून उभी होती.

साहेब बूट पुसत भागीला म्हणाले, "शाब्बास! आता ज्वालामुखीचे प्रकार सांग."

"जागृत, निद्रिस्त आन् मृत."

"मृत कशाला म्हणायचं?"

"हजारो वर्षं झाली तरी जागा झाला न्हाई, की मृत."

"बरोबर." साहेबांनी कागद उलटला. "मार्गदर्शक शिक्षक कोण हायेत? कुठं हायेत ते?"

शाळेच्या मुख्याध्यापिका बाई पुढं झाल्या. "साहेब, ते आता..."

भागी मधेच म्हणाली, "निद्रिस्त लिवा, साहेब. तीनच महिने झालेत."