भट्टीच्या गाडीतली शेवंती

पातूरकडच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. गावाचं नाव घेतलं की ऐकणारा हसून विचारायचा, "भट्टीचं गाव ना?" मोहाच्या दारूची ती भट्टी आमच्या मळ्याला लागूनच होती. आम्ही माळी. माझ्या हाताला शेवंती पिवळीधमक यायची, पण तिच्यावरून आमचं गाव कुणी ओळखलं नाही.

त्या वर्षी विलायतेला आमच्याकडचा कापूस हवा झाला आणि भट्टीची सोडून गावातली एकूण एक बैलगाडी अकोल्याला कापूस वाहू लागली. आमची फुलं न्यायला गाडीच मिळेना. धनी घरोघरी विचारून आले आणि ओट्यावर बसले.

"कोनीच हो म्हनून नाही राहिलं. कापूस सोडून फुलं कोन नेईन?"

इकडे शेवंती झाडावरच वाळायला लागली. शेवटी भट्टीचा गाडीवान म्हणाला, "वैनी, माह्या गाडीत जागा हाय. पन दारूच्या बुधल्यायमधी बसा लागन."

बसले. टोपली मांडीवर, दोन्हीकडून कातड्याचे बुधले अंगाला घासत. वाटेत कापसाचे गाडीवान ओरडायचे, "थांब ना बे, घोटभर पाज!" की हा थांबलाच. मी चिडून म्हणायची, "अरे, फुलं सुकून राहिले!" तो नुसता हसायचा. अकोल्यात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं.

जुन्या शहरातल्या देवळापुढे मी टोपली ठेवली. गुरवानं एक फूल नाकाशी नेलं आणि झटकन परत टाकलं.

"बाई, याले दारूचा वास येते."

"वास गाडीचा हाय, फुलाचा नाही. पान्यानं धुऊन देतो."

"गाव कोनतं तुमचं?"

मी सांगितलं. त्यानं पायानं टोपली बाजूला सरकवली. पायानं! मग बाजाराच्या गल्लीत बसले, तर जो तो येऊन विचारी, "गाडी कुठी उभी हाय? माल कसा हाय?" माल म्हणजे दारू. फुलांकडे कुणी पाहीना. टोपली तशीच मोर्णा नदीत रिकामी केली.

घरी येऊन धन्यांना सारं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवंती उपटायला घेतली.

"अवो, हे काहून?"

"कांदे लावू, मिरच्या लावू. पिनाऱ्याले तोंडी लावाले लागतेच. भट्टी शेजारीच हाय, गाडीचं कामच नाही."

त्यांचं म्हणणं खरं ठरलं, आणि मला त्याचाच जास्त राग आला. कांदा मळ्यातच उठू लागला. पोटाला कमी पडलं नाही. पण माझा जीव कशातच रमेना. मिरची खुडायला वाकले की कुंपणापलीकडून कुणीतरी झोकांडत विचारायचा, "वैनी, तिखट हाय ना?"

मी कधी मान वर केली नाही.